भाट्याच्या खाडीकाठी जलरंग: एकच जागा धरून निसर्गचित्र शिकायचं असेल तर

चित्राला निघण्याआधी मी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते. खाडीकाठी वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना सांगावं लागतं. तिथीला पाऊणपट करायचं, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसातून दोनदा भरती, आणि प्रत्येक भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, पण चित्रापुरता पुरतो. भरतीला रत्नागिरीजवळची ही भाट्याची खाडी काठोकाठ भरते आणि पलीकडच्या राजिवड्याची घरं पाण्यात उलटी दिसतात. ओहोटीला तिथेच चिखलाचे चकचकीत पट्टे, कुशीवर कलंडलेल्या होड्या आणि पाय मोजत चालणारे बगळे. ही दोन वेगळी चित्रं आहेत आणि दोघांची तयारीही वेगळी. पहिल्यात ओला कागद लागतो, दुसऱ्यात कोरडा. कोणतं काढायचं हे घरीच ठरलेलं असलं की काठावर पोचल्यावर धांदल होत नाही.

मी एसटीत वाहक होते. रत्नागिरी, भाट्ये, गोळप, पावस, पूर्णगड हा रस्ता मी सगळ्या ऋतूंत आणि दिवसाच्या सगळ्या वेळी पाहिला आहे. वस्तीची गाडी पहाटे गावातून निघते तेव्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, धुकं असतं आणि गाडीत चार माणसं. तिकिटं फाडून झाली की काचेबाहेर बघायला वेळच वेळ. त्या रस्त्याने मला जे शिकवलं तेच इथे सांगणार आहे. निसर्गचित्र शिकायचं असेल तर जागा बदलत फिरू नका. एक जागा धरा आणि वर्षभर तिथेच जा.

जागा कशी निवडायची

लोक विचारतात, सगळ्यात सुंदर ठिकाण कोणतं? आरे-वारेचं वळण सुंदर आहे, थिबा पॉइंटवरून दिसणारी खाडी सुंदर आहे, जयगडच्या टोकावरून दिसणारा समुद्रही. पण शिकायला सुंदर ठिकाण लागत नाही, जवळचं लागतं. पायी किंवा सायकलने दहा-पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे, नाहीतर महिन्याभरात जाणं सुटतं. जवळच्या जागेला आणखी एक गुण असतो. तुम्ही तिथे बाजाराला जाताना, लग्नाला जाताना, पावसात भिजत परत येताना सुद्धा बघता. ते बघणं चित्रात उतरतं.

जागेत तीन गोष्टी असाव्यात. पाणी किंवा मोकळं आकाश, काहीतरी उभं (माड, सुरू, देवळाचा कळस, विजेचा खांबसुद्धा चालेल), आणि लांबवर जाणारी एखादी रेघ. माझ्या जागेवरून, म्हणजे भाट्याच्या पुळणीच्या खाडीकडच्या टोकावरून, उत्तरेला रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो आणि त्याच्या टोकावर दीपगृह. जवळ सुरूची झाडं. काजळी नदी इथेच समुद्राला मिळते, त्यामुळे पाण्याचे दोन रंग शेजारी शेजारी बघायला मिळतात. आतमध्ये राहणाऱ्यांनी समुद्र नाही म्हणून हळहळू नये. गडग्याने (दगडी कुंपणाने) बांधलेली पाखाडी (चिंचोळी पायवाट), दोन्ही बाजूंनी पोफळी आणि वर कौलारू घर, एवढ्यात वर्ष निघतं.

एक गोष्ट मात्र पाळा. माडाखाली बसू नका. सावली कितीही चांगली असली तरी नाही. कातळावर बसत असाल तर भरतीची वेळ लक्षात ठेवा, चित्रात डोकं घातलं की मागून पाणी कधी वळसा घालतं ते कळत नाही. आणि मे अखेर किंवा ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडायला लागलं की उघड्या सड्यावरून उठा. तिथे सगळ्यात उंच तुम्हीच असता.

पहिल्या भेटीत रंग नेऊ नका. वही आणि पेन्सिल न्या, आणि जे दिसतं ते शब्दांत लिहा. "पाणी डोंगरापेक्षा उजळ. होडीची सावली होडीपेक्षा गडद. सुरूच्या मधल्या फटीतून दिसणारं आकाश बाहेरच्या आकाशापेक्षा काळपट वाटतं." असं पानभर. झाडांची नावं माहीत नसतील तर विचारा. खाजणातली ती चिप्पी, ते तिवर, तो बांधावरचा ऐन, ती किंजळ. नाव कळलं की झाड वेगळं दिसायला लागतं. पूर्वी जो नुसता हिरवा पट्टा होता त्यातून एकेक झाड पुढे येतं. मला वाटतं निसर्गातला आनंद तिथेच सुरू होतो, ब्रश हातात यायच्या बराच आधी. ज्यांना पुढे चित्र काढावंसं वाटणार नाही त्यांनीसुद्धा एवढं जरूर करावं.

पिशवीत काय असावं

आपल्याकडे बहुतेकांनी शाळेत एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात, आणि हात पोस्टर कलरला सरावलेला असतो. पोस्टर कलर झाकतो. खालचं चुकलं तर वरून दुसरा थर. पारदर्शक जलरंगात तसं होत नाही. इथे पांढरा रंग म्हणजे कागद. रंगातून आरपार जाऊन उजेड कागदावर आपटतो आणि परत येतो, म्हणून चित्र उजळतं. त्यामुळे पिशवीत पांढऱ्या रंगाची ट्यूब नको आणि काळ्याचीही नको.

सहा रंग पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सियेना आणि एखादा क्रिमसन. सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठीचे साधे ट्यूब रंग चालतात. पुढे चांगले घ्यायचे झाले तर नावावर जाऊ नका, ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक बघा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असतो. अलिझरीन क्रिमसनवर पीआर ८३ असेल तर तो उजेडात उडणारा रंग आहे हे समजून घ्या.

खर्च करायचा तर कागदावर करा. रंग साधा आणि कागद चांगला असेल तर चित्र जमतं, उलटं सहसा जमत नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शक्य तर पूर्ण सुती लगद्याचा कागद घ्यावा. २२ बाय ३० इंची मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकरा इंचांचे कागद मिळतात आणि वहीपेक्षा स्वस्त पडतं. सरावासाठी पुण्यातल्या, १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा जाड कागद मी वापरते. कार्ट्रिज कागद पेन्सिलीपुरताच ठेवा. ओला वॉश (पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर) दिला की तो फुगतो आणि रंग खळग्यांत साठतो.

ब्रश तीन: गोल १२ नंबर, गोल ६ नंबर आणि एक इंची चपटा. सिंथेटिक चालेल, फक्त ओला केल्यावर टोक यायला हवं. कागद चिकटवायला प्लायवूडचा तुकडा (हीच आपली पाटी) आणि मास्किंग टेप. जुन्या सुती साडीचं फडकं. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. पाणी घरून न्या, विहिरीचं किंवा नळाचं. समोर एवढा समुद्र असला तरी त्याचं पाणी वापरू नका. मीठ कागदात राहतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि चित्र चिकट होतं.

छत्री न्यायची तर काळी किंवा पांढरी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तोच रंग सांडतो आणि घरी आल्यावर सगळं चित्र भलत्याच रंगाचं निघतं. कागद नेहमी सावलीत धरायचा. भर उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, मग आपण सगळंच जास्त गडद काढतो.

आधी एकाच रंगात

पहिले काही रविवार दोनच ट्यूब उघडा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सियेना. दोन्ही मिसळले की राखाडी होतो. निळा जास्त तर पावसाळी ढगासारखा थंड, तपकिरी जास्त तर ओल्या कातळासारखा उबदार. या एका राखाडीत अख्खं कोकण काढता येतं.

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. डोळे किलकिले करून समोर बघा, म्हणजे बारीकसारीक दिसेनासं होईल आणि उजळ, मध्यम, गडद असे तीनच गट, म्हणजे टोन, उरतील. भाट्यावर सकाळी आकाश आणि पाणी उजळ, रत्नदुर्गाचा डोंगर मध्यम, सुरू आणि होडीच्या पोटाखालची सावली गडद. उजळ जागी कागद तसाच सोडा. मध्यम आणि गडद जागांना मिळून एकदा मध्यम वॉश द्या. वाळला की गडद जागांवर दुसरा. संपलं. चित्र बारा-पंधरा मिनिटांत होतं, आणि एका सकाळी अशी दोन-तीन निघतात.

माझ्याकडे सातवीतली शेजारची मुलगी येते. तिला हे फार कंटाळवाणं वाटायचं, तिला निळा समुद्र हवा होता. मी म्हटलं, "बाय, आधी काळं-पांढरं नीट दिसू दे, निळा कुठे पळून जात नाही." आता ती स्वतःच डोळे बारीक करून सांगते, "काकू, आज डोंगर आणि आकाश एकाच टोनचे आहेत, आज डोंगर काढायलाच नको." ही नजर एकदा आली की रंग कुठलाही लावा, चित्र उभं राहतं.

उजेड कागदात कसा राखायचा याचं मोठं उदाहरण आपल्याच मातीतल्या चित्रकाराचं आहे. सावळाराम हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकांना ते तैलरंगातलं वाटतं, पण ते जलरंगात आहे. छापील प्रत मिळाली तरी बघा. ज्योतीच्या आजूबाजूचा प्रत्येक टोन किती बेताबेताने गडद होत जातो, आणि त्यामुळेच बोटांमधून झिरपणारा उजेड कसा खरा वाटतो, ते तासभर बघत बसण्यासारखं आहे.

कागदाची ओल ओळखणं

जलरंगात शिकण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून इथे थांबून सांगते. रंग कोणता लावला यापेक्षा कागद किती ओला असताना लावला यावर चित्र ठरतं.

कागद ओला करा आणि डोळ्यांच्या रेषेत तिरका धरून त्याची चमक बघा. आधी पाणी साचलेलं असतं, पाटी हलवली की तेही हलतं. या वेळी रंग टाकला तर तो वाहत कुठेही जातो. थोड्या वेळाने पाणी हलायचं थांबतं, पण चमक एकसारखी असते. ही आकाशाची वेळ. रंग पसरतो, कडा मऊ राहतात, ढग आपोआप होतात. त्यानंतर चमक मावळते, पण हाताची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. ही लांबच्या झाडांची वेळ. जाडसर रंग टाकला तर तो जरासा पसरतो आणि तिथेच थांबतो, धुक्यातल्या माडांच्या शेंड्यांसारखा दिसतो. शेवटी कागद हाताला गार लागत नाही, म्हणजे पूर्ण वाळला. आता कडा कापल्यासारख्या येतील. होड्या, कौलं, जवळच्या झावळ्या यासाठी हीच वेळ.

नियम एकच लक्षात ठेवा: कागद अर्धवट वाळत असताना त्याच्यावर कागदापेक्षा ओला ब्रश टेकवायचा नाही. नवं पाणी जुन्या रंगाला बाजूला ढकलतं आणि दातेरी कडांचा डाग पडतो. चित्रकार त्याला फ्लॉवर म्हणतात. ब्रश भरला की फडक्यावर एकदा टेकवायची सवय लावा.

कोकणात ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आणि बाहेरून येणारे शिकलेसवरलेले चित्रकारही तिथेच गोंधळतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहा-अकराला समुद्रावरून वारा सुटला की वॉश डोळ्यांदेखत वाळतो. तेव्हा कागद मागूनपुढून दोन्हीकडून ओला करून घ्या, किंवा सातलाच बसा आणि वारा सुटायच्या आत उठा. जुलैमध्ये उलटं. हवेतच इतकं पाणी असतं की एका वॉशवर चहा होतो, गप्पा होतात, तरी कागद गारच. तेव्हा एकाच वेळी दोन-तीन कागदांवर काम करा. एक वाळतोय तोवर दुसरा. ड्रायर लावून घाई करण्यापेक्षा हे बरं, कारण तेवढ्या वेळात समोर बघणं होतं.

ओला असताना रंग जितका गडद दिसतो तितका वाळल्यावर राहत नाही, फिका होतो. म्हणून वाटतो त्याहून जरा जास्तच गडद लावायचा. नवख्यांची चित्रं फिकट दिसतात ती याच भीतीमुळे.

आकाश, समुद्र आणि मधली रेघ

आपलं आकाश वरपासून खालपर्यंत निळं नसतं. डोक्यावर अल्ट्रामरीन, खाली येताना फिकं होत जातं, आणि क्षितिजाजवळ बाष्पामुळे पिवळट-धुरकट. म्हणून ओल्या कागदावर आधी खालच्या भागात यलो ऑकरची अगदी हलकी झाक द्या, मग वरून निळा उतरवत आणा. पाटी जरा तिरकी ठेवा, म्हणजे रंग स्वतःच्या वजनाने खाली येतो. दोन रंग भेटतात तिथे ब्रश घासू नका.

समुद्राची रेघ सरळच हवी. वाकडी आली तर सगळं पाणी सांडेल असं वाटतं. मास्किंग टेप लावून काढा, त्यात कमीपणा नाही. ती रेघ कागदाच्या अगदी मधोमध नको. आज आकाश बघण्यासारखं असेल तर खाली घ्या, पाणी बघण्यासारखं असेल तर वर.

पाण्याचा रंग ठरवण्याआधी मागच्या आठ दिवसांत काय झालं ते आठवा. पाऊस झाला असेल तर काजळी लाल माती घेऊन येते, आणि खाडीच्या तोंडाशी गढूळ आणि हिरवट पाण्याची सीमा स्पष्ट दिसते. राजिवड्याचे एक म्हातारे चाचा होडीला डांबर लावताना मला म्हणाले होते, "मॅडम, उधाणात कशाला येता, भांगाला या. तेव्हा पाणी निवळतं." खरं आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती, तेव्हा पाणी शांत आणि नितळ. प्रतिबिंब काढायचं असेल तर भांग गाठा.

सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून, सह्याद्रीकडून येतो. तेव्हा समुद्राचा खरा रंग दिसतो. संध्याकाळी सूर्य समोर असतो आणि रंग नाहीसे होऊन फक्त उजेड राहतो. त्या वेळी पाण्यावरची चकाकी काढायला खरबरीत कागद घ्या. ब्रशमधलं पाणी फडक्याला देऊन तो आडवा धरा आणि भरभर एकदाच ओढा. रंग कागदाच्या उंचवट्यांवर लागतो, खळगे पांढरे राहतात, तीच चकाकी. त्याच जागी पुन्हा हात फिरवायचा मोह आवरा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता राहिलेले प्र. अ. धोंड यांची समुद्राची जलरंगचित्रं कुठे प्रदर्शनात लागली तर अवश्य जाऊन बघा. किती थोड्या फटकाऱ्यांत लाट उभी राहते ते कळतं.

हिरवा आणि जांभा

कोकण हिरवंगार म्हणून लोक हिरव्या रंगाची ट्यूब घेतात आणि सगळीकडे तोच लावतात. मग आंबाही तोच, माडही तोच, भातही तोच. हिरवा मिसळूनच घ्या. लावणीच्या आधीचा तरवा (भाताची रोपं) सगळ्यात लख्ख: लेमन यलो भरपूर आणि प्रशियन अगदी थेंबभर. माडाच्या झावळ्यांवर ऊन पडलं की त्या हिरव्यापेक्षा पिवळ्या जास्त दिसतात. आंब्याच्या कलमांच्या जुन्या पानांचा हिरवा जड आणि काळपट असतो, त्यासाठी अल्ट्रामरीन, ऑकर आणि थोडं बर्न्ट सियेना. आंब्याला नवी पालवी फुटली की ती हिरवी नसतेच, तांबूस असते. तिथे सियेना आणि क्रिमसन. लांबच्या डोंगरातला पिवळा काढून टाका, निळा वाढवा आणि पाणीही वाढवा, म्हणजे डोंगर मागे जाईल.

जांभ्या दगडाबद्दल मला विशेष सांगायचंय. बर्न्ट सियेनाची ट्यूब उघडली की मला चिरेखाणच आठवते, आणि त्याला कारण आहे. ते रंगद्रव्य मूळचं लोहयुक्त मातीचं, भाजून लाल केलेलं. आपला कातळही लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच लाल. चित्रातली कौलं, गडगे, लाल पायवाट या सगळ्याला एकच ट्यूब सूत धरून जोडते. ताजा कापलेला चिरा नारिंगी लाल असतो, त्यात थोडा लेमन यलो घाला. हवा लागून तो कठीण होतो, आणि पावसाळे गेले की शेवाळाने काळा पडतो. जुन्या गडग्याला सियेनाचा वॉश देऊन, तो ओला असतानाच अल्ट्रामरीन सोडा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा फुकट मिळतो. एकेक भोक काढत बसायची गरज उरत नाही.

सडा वर्षातून इतके रंग बदलतो की ज्यांना समुद्र नाही त्यांनी सडाच धरावा. मेमध्ये काळा कातळ आणि जळलेलं गवत. पावसात खळग्यांत पाणी, आणि त्याच्या कडेने सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा गालिचा. ऑक्टोबरात सोनेरी गवत, वाऱ्याने सगळं एका बाजूला झुकलेलं. त्या फुलांना एकेक काढू नका. ओल्या कागदावर अल्ट्रामरीन आणि क्रिमसनची पातळ झाक द्या, आणि जवळची चार-पाच तेवढी नीट. पाऊल मात्र जपून टाका. त्या मातीची जाडी बोटभरही नसते, आणि पुढच्या वर्षीचं बी तिथेच असतं.

होड्या आणि माणसं

होडी अवघड वाटते कारण ती दोन बाजूंनी वळलेली असते. सोपा उपाय म्हणजे आधी लांबट इंग्रजी आठाचा आकडा आडवा काढा आणि त्याच्या कडांवर होडीचा काठ बसवा. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी (माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारलेल्या असतात. तेव्हा सराव करा, कारण तेव्हा त्या हलत नाहीत. खाडीत नांगरलेली होडी भरतीच्या ओढीने तुमच्या अर्ध्या चित्रात तोंड फिरवते, त्यामुळे तिची रेघ पहिल्या पाच मिनिटांत घेऊन टाका.

माणसं लहान काढा. डोकं लहान, धड लांब, पाय खाली निमुळते होत जाणारे, आणि पावलं काढूच नका. डोक्यावर पाटी घेतलेली बाई दोन ठिपक्यांत होते. जेटीवर बसायचं तर आधी विचारा. वाळत टाकलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, लिलावाच्या वेळी वाटेत स्टूल टाकू नका. कोणाचं घर काढलंत तर त्यांना दाखवा. चित्र कसंही असो, ते लोक एखादी चूक हमखास दाखवतात ("आमच्या पडवीला तीन खांब आहेत"), आणि ती चूक दाखवणं फार उपयोगी असतं.

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर

पावसात पडवीत बसा. समोर माड, गडगा आणि पाऊस, एवढं खूप आहे. मुसळधार पाऊस रेघांनी काढू नका. जोराच्या सरीत मागचं सगळं एका टोनमध्ये विरघळतं, तसंच काढा: कागद ओला करा, राखाडीचा वॉश द्या, चमक मावळत आली की झाडांचे गडद आकार टाका, आणि पाटी उभी करून रंग खाली ओघळू द्या. मग कागद पूर्ण वाळू द्या आणि जवळचा एकच खांब किंवा गडगा कापल्यासारखा काढा. मागचा पाऊस आपोआप लांब जातो.

या दिवसांत कागदाला जपावं लागतं. कागदावर जो सरसाचा लेप असतो त्याला दमट हवेत बुरशी धरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण वॉश दिला की टीपकागदासारखे ठिपके उमटतात आणि कागद वाया जातो. कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून त्या मिळतात, जपून ठेवत जा. रंगाची पॅलेट ओली असताना बंद करू नका, त्यावरही बुरशी येते. आधी पंख्याखाली वाळवा.

झालेल्या चित्रामागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि वारा कसा होता ते लिहा. बॉलपेन नको, कालांतराने दाब पुढे दिसतो. एकाच जागेची चित्रं वर्षाच्या शेवटी जमिनीवर ओळीने मांडलीत तर पुढच्या वर्षी काय शिकायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. माझ्या ओळीत पहिल्यांदा कळलं की मी डिसेंबरातलं धुकं काढतच नाही, मग पुढच्या थंडीत पहाटे जाऊन तेवढंच काढलं.

फ्रेम करायची असेल तर चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी घालायला सांगा. आपल्याकडच्या दमट हवेत कागद काचेला टेकला की चिकटतो आणि काढताना रंग निघतो. मागे साधा पुठ्ठा न लावता आम्लमुक्त बोर्ड मागा, नाहीतर काही वर्षांत कागद पिवळा पडतो. भिंत बाहेरची, पावसाच्या झडीची नको, तिला ओल येते. समोरून ऊन येणारी तर नकोच. माजघरातली आतली भिंत चांगली.